एकदाच

पहाटे सव्वातीनला फोन. बाहेर उणे एकतीस.
आल्सीद पेल्तिये, सेंट जॉन नदीकाठचं शेवटचं घर,
पलीकडे कॅनडा, तिथले दिवेही गारठून बारीक झालेले.
"लाल बटण किती वेळा दाबलंत?"
"एकदाच."
सगळे एकदाच म्हणतात.

तळघरात उतरले की वास खरं सांगतो:
सात वेळा, निदान.
दर दाबेला भट्टीच्या पोटात न पेटलेलं तेल फवारलेलं,
तळाशी साचलेलं.
आत्ता ठिणगी पडती तर झाकणासकट
आम्ही दोघं जिन्यावर गेलो असतो.
मी बोलत नाही. चिंध्या काढते, टिपून घेते.

तो तिसऱ्या पायरीवर: कानटोपी, दोन स्वेटर,
वर शिकारीचा केशरी कोट, मांडीवर पिंजरा,
पिंजऱ्यावर शाल. पक्षी एर्नेस्तीनचा.
एर्नेस्तीन वर, तीन गोधड्यांखाली,
ओव्हनचं दार उघडं टाकून.
तेवढं मात्र मी खडसावून बंद करायला लावलं.

थर्मोस्टॅट ठीक. फ्यूज ठीक.
भट्टीला एक डोळा असतो, वाटाण्याएवढा,
ज्योत जिथे यायची तिकडे तोंड करून बसवलेला.
पंचेचाळीस सेकंद वाट पाहतो,
उजेड दिसला नाही तर सगळं बंद करून टाकतो.
दुसरी संधी माणसाने बटण दाबून द्यायची.
डोळ्यावर काजळी. पुसते.
"रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसलोय," आल्सीद म्हणतो.
"याच्या डोळ्यात काजळी आहे," मी म्हणते,
"आणि तेल कुठेच नाही."

तो पिंजऱ्यावरची शाल सारखी करतो.

दोन सळ्यांमधलं अंतर मोजते, दोन पेनी आडव्या ठेवल्या एवढं.
ठिणगी निळी, कडक. नॉझल नवी घालते. तरी नाही.
मग पंपाचा स्क्रू अर्धा आटा सैल,
खाली कॉफीचा रिकामा डबा.
आधी फुस्स. मग फेस.
मग काळं, चिकट, टाकीच्या बुडाचं काहीतरी
खाकरून टाकल्यासारखं.

टाकीवरचा काटा पाव भरलेली दाखवतोय.
टिचकी मारते. काटा खाली येतो
तो थेट शून्यावर.

आता आठवतं, येताना पाहिलेलं:
बाहेर तेल ओतायच्या नळीपाशी
बर्फात चौकोनी खळगे, डब्याच्या बुडाचे, एकात एक,
जुने गोठून काच झालेले, वरचा कालचा.
कंपनी शंभर गॅलनच्या खाली गाडी पाठवत नाही.
पंपावर पाच मिळतात.
नोव्हेंबरपासून असेल हे. एर्नेस्तीनला माहीत असेल का,
मी विचारत नाही, तो सांगत नाही.

गाडीतले दोन डबे आणून ओतते. फिल्टर बदलते.
पुन्हा स्क्रू, पुन्हा कॉफीचा डबा:
फेस, फेस, थुंकी, फेस,
आणि मग एकदम अखंड, लालसर, बोटभर धार.
आटा घट्ट.
"आता तुम्ही दाबा," म्हणते. "एकदाच."

तो खाली येतो. दाबतो. फ्रेंचमधून आकडे मोजतो,
ओठांतल्या ओठांत, बटाट्याची पोती मोजावीत तसे.
अकरा. बारा.
तेराला धप्प.
आणि तो सलग घुमणारा आवाज
जो नसला की घर किती मोठं वाटतं ते कळतं.
शालीखाली खुडबुड.

बिल लिहिते पायरीवर बसून:
नॉझल, फिल्टर, रात्रीचा आकार.
तो चष्मा लावतो. "आणि तेल?"
"गाडीत उरलेलं होतं."
"किती?"
"दहा."
"मग दहा लिही."
लिहिते.
"भाव?"
"आठवड्यापूर्वीचा लावते."
"आजचा लाव."

आजचा लावते. बोटं अजून वळत नाहीत,
आठाचा आकडा तीनसारखा उमटतो
आणि मी तो तसाच राहू देते.

आल्सीद कागद दिव्याखाली धरतो.
मग माझ्या हातून पेन घेतो,
आणि त्या तिनाची दोन्ही उघडी तोंडं
सावकाश, एकेक करून, बंद करतो.