दोन पास

फौंड्रीत पंचवीस वर्षं झाली म्हणून
ह्यांना कंपनीनं दोन पास दिले.
घड्याळ मिळेल असं वाटलं होतं.
भिंतीवर खिळासुद्धा मी आधीच ठोकून ठेवला होता.

सोमवारी शिरोलीची सुट्टी,
आणि सोमवारी पार्कात माणूस नाही.
एक रबरी डायनासोर तेवढा
कुणी बघो न बघो, मान हलवत होता.

गेटवरच्या पोरानं पिशवी उघडली.
धपाटी? चालत नाहीत. भडंग? नाही.
खर्ड्याच्या डब्याचं झाकण काढून वास घेतला
आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.
"मावशी, जाताना आठवणीनं घ्या,"
म्हणत त्यानं डब्यावर नंबर चिकटवला, एकवीस.

पाण्यात उतरायचं तर नायलॉनचाच ड्रेस पाहिजे.
माणशी पन्नास भाडं, शंभर अनामत.
आरशातल्या बाईला मी वाट द्यायला बाजूला सरले.
बाहेर आले तर हे पिवळी टोपी घालून उभे,
सोललेल्या आंब्यासारखे.
"हसू नकोस," म्हणाले.
मी कुठं हसले होते? मग हसले.
हसता हसता दिसलं,
ह्यांच्या दंडावर, छातीवर, पोटावर
ठिणग्यांचे डाग, पांढरे, तांदूळ सांडल्यासारखे.
इतकी वर्षं अंधारात हाताला लागायचे.
उन्हात आज बघितले.
मोजायला लागले
तसे हे पाण्यात बसले, गळ्यापर्यंत.

दुपारी मोठ्या पाळण्याकडं गेलो.
"आमच्या दोघांसाठी एवढं चालू करणार व्हय?"
लिव्हरवरचा पोरगा म्हणाला, "बसा की काका."
पहिल्या फेरीत हे खाली बघेनात, वर बघेनात,
कान देऊन ऐकत राहिले.
"बेअरिंग ओरडतंय. ग्रीस नाही."
दुसऱ्या फेरीत म्हणाले,
"असलं हौसिंग आम्हीच ओततो."
तिसऱ्या फेरीत, ऐन माथ्यावर,
लाईट गेली.

खाली पंचगंगेचा वाक, उसाचे हिरवे तुकडे,
हायवेवर मुंगीएवढे ट्रक,
आणि लांब जोतिबाचा डोंगर, बसल्याजागी.
मी म्हटलं, "बघा तरी, किती छान दिसतंय."
ह्यांनी दांडी धरली होती, दुसऱ्या हातानं माझं मनगट,
बांगडी रुतेल इतकं घट्ट.

"लोखंड थंड होताना आत हवा अडकते," हे म्हणाले,
"वरनं कळत नाही. रंग मारल्यावर तर अजिबात नाही.
तसले पीस मी शेकड्यानं बाजूला काढलेत.
पण एक रात्र सुटली."
"कुठली?"
"थोरलीच्या वेळची. तू सीपीआरला होतीस.
त्या रात्री माझ्या हाताखालनं जे गेलं
ते मी बघितलंच नाही.
तेव्हापासनं कुठलंही चाक फिरताना बघितलं की..."

पुढं बोलले नाहीत.
वाऱ्यानं डबा जरा हलला.

बावीस वर्षं मी धरून चालले होते
की ह्यांना त्या रात्री ड्यूटी मोठी वाटली.
भांडणात कधी काढलं नाही.
पण पोरीच्या प्रत्येक वाढदिवसाला
शिऱ्यात साखर घालताना
एक चमचा मी मोजूनच कमी घालत आले,
ह्यांच्या ताटापुरता.
आता हे काय सांगायचं, आणि तेही इतक्या उंचावर?
"पडत नाही ओ," एवढंच म्हटलं.
"तुला काय माहीत?"
"नाही माहीत."

खाली जनरेटर खोकला.
पाळणा हिसका देऊन हलला, बेअरिंग परत ओरडलं,
आणि मनगट सुटलं ते जमिनीला पाय लागल्यावर.

स्टॉपवर बसून धपाटी खाल्ली.
खर्डा गेटवरच्या पोराला अर्धा देऊन आलो होतो.
तावडे हॉटेलजवळ आल्यावर मला आठवलं,
दोनशे रुपये अनामत तिथंच राहिली.
एरवी हे सुट्ट्या रुपयासाठी कंडक्टरशी वाद घालतात.
"राहू दे," म्हणाले,
आणि खिडकीकडची जागा मला दिली.

घरी खिळा तसाच होता.
त्याला ओला टॉवेल अडकवला.