अंगठ्याचा खळगा

एकतीस वर्षं म्हापशाच्या शाखेत
मी नोटा मोजल्या.
ओल्या स्पंजावर बोट, आणि पुढे.
शुक्रवारच्या बाजाराच्या नोटा यायच्या,
मिरचीचा खकाणा लागलेल्या,
सुंगटांचं पाणी प्यालेल्या,
त्यातली खोटी मला डोळे मिटून कळायची.

निवृत्त झाले, बोटं झाली नाहीत.
पदराचा काठ मोजायची,
रात्री उशीची शिवण.
डिचोलीची भावजय म्हणाली,
आमच्या शाणूकडे ये, हातांना काहीतरी दे.

शाणू कुंभाराने चाक दाखवलंच नाही.
मयेच्या शेतातला मातीचा ढीग दाखवला,
म्हणाला, "खडे काडात."
पहिल्या दिवशी दोनशे चौदा निघाले.
मी त्याला आकडा सांगितला.
विडी विझवत म्हणाला,
"मेजूं नाकात. ही बँक न्हय."

दोन महिने खडे.
समोरच्या रस्त्यावर खाणीचे ट्रक
बंद पडून उभे, टपांवर वेली चढलेल्या.
त्याच डोंगराची माती कुठे कुठे गेली जहाजातून,
ही इथे माझ्या नखांत.

शाणूच्या छपराकडे जाताना सातेरीचं रोयण लागतं.
वाळवीने उभारलेलं, माझ्या खांद्याइतकं,
कुणी जास्वंद ठेवलेली असते.
मुखवटा चढतो सणाला,
एरवी ती नुसती माती.
तिच्याकडे मी कधी काही मागितलं नाही.
मागायला तोंड लागतं.
तिला नव्हतं,
आणि मला होतं त्याचा मी काय उपयोग केला
ते शौनकला विचारा.

तोंडाने बोलले, मग हाताने मारलं.
ओट्यापाशी, अकरा वर्षांपूर्वी,
तो पोर्तुगालचा पासपोर्ट दाखवत होता
आणि मी चोवीस वर्षांच्या मुलाच्या
गालावर.
बस्स, एकच.
दुसऱ्या दिवशी दाबोळीला सोडायला गेले,
लोणच्याची बरणी बॅगेत नीट बसते का ते पाहिलं.
तेव्हापासून दर रविवारी फोन येतो.
तो विचारतो पाऊस कसा आहे,
मी सांगते कसा आहे.

शेवटी चाक मिळालं.
माती मधोमध बसेना, सारखी एका अंगाला जाई,
जणू तिला ठाऊक होतं
कुठला हात जड आहे.
फेब्रुवारीत एकदाचं एक बुडकुलं उभं राहिलं.
ओलं होतं, मी काठ धरून होते,
आणि फोन वाजला. स्विंडनहून.
"आई, पाऊस कसा आहे?"
फेब्रुवारीत!
"अजून नाही," मी म्हटलं,
आणि अंगठा पोटात रुतला.

खळगा मी आतून दाबून वर आणला,
ओल्या फडक्याने पुसला,
दुसऱ्या दिवशी मलाच सापडेना.
सोडणं आणि पेंढा रचून शाणूने भट्टी लावली.
तिसऱ्या दिवशी राखेतून काढलं बुडकुलं,
लाल, खणखणीत,
आणि खळगा परत जागच्या जागी.
जसाच्या तसा. अंगठ्याच्या रेषासुद्धा.

शाणू हसला नाही.
"मातयेक याद आसता," म्हणाला.
"तुमी वयल्यान पुसलें."
मी पैसे विचारले. त्याने घेतले नाहीत.
मग घेतले.

आता ते खिडकीत असतं.
नवं आहे, पाझरतं, खाली बशी ठेवावी लागते.
पाणी ओतायला उचललं
की अंगठा आपोआप खळग्यात जातो,
दुसरीकडे कुठे धरलं तर निसटतं.

परवाच्या रविवारी पावसाचं झालं.
मग मी म्हटलं, "शौनक,
तो हात, त्या दिवशीचा..."
पुढचं आलं नाही.

फोन कटला नव्हता.
त्याच्या खोलीतला हीटर घुरघुरताना ऐकू येत होता,
इकडे बशीत थेंब.
किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही.