कंडक्टरला तिकीट नसतंय

मंगळवारी साडेचारला भाविक येतो,
चप्पल दाराबाहेर जोडीनं ठेवतो
आणि माझ्याकडं न बघता
वाळूच्या पेटीपाशी बसतो.

टिळकवाडीतली ही खोली, वर पत्रा,
दुसऱ्या गेटाची घंटा इथवर येते.
फायलीत शाळेचा कागद आहे, कन्नडातला:
तंदेय हेसरू. त्यापुढं कुणीतरी
नाव लिहून खोडलंय,
मग परत लिहिलंय.

सहा आठवडे त्यानं एकच बस चालवली.
लाल, एक चाक नसलेली.
पिरनवाडी, मच्छे, प्रभुनगर, खानापूर, नंदगड.
बाहुल्या, डायनासोर, पाय मोडलेली गाय,
सगळ्यांना तिकीट. वहीची पानं मी फाडून द्यायची.
'आणि कंडक्टरला?'
'कंडक्टरला तिकीट नसतंय.'
'मग तो कुठं उतरतो?'
त्यानं शिट्टी फुंकली. दोनदा.
बस सुटली.
पुन्हा मी विचारलं नाही.

आज म्हणाला, 'तू मरून पड की.'
मी चटईवर आडवी झाले.
'डोळे मिट. श्वास घेऊ नको.'
थोडा घेतला, चोरून.
'आता उठ.'
मी कोपर टेकलं, तेवढ्यात ओरडला,
'उठू नको! मेलेला माणूस उठतो होय?'
इतक्या दिवसांत पहिल्यांदा
आवाज सात वर्षांच्या पोराचा होता.

मग वाळू. ओंजळीओंजळीनं
माझा हात झाकत गेला, मनगटापर्यंत.
गोव्याकडची गाडी गेली, काच थरथरली,
वाळू तेवढी हलली नाही.
कानाशी आला, दाण्याच्या लाडवाचा वास घेऊन:
'लागतंय काय?'

मेलेल्यानं उत्तर द्यायचं असतं का,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
मी गप्प.
'आई म्हणते, लागत नाही,' तोच म्हणाला.
'तिला काय माहीत.'

हात उकरून काढला. तळव्यात कागद ठेवला,
माझी बोटं एकेक करून मिटवली,
करंगळी दोनदा.

पाच वाजता आई दारात आली.
तो गेल्यावर मी मूठ उघडली.
पेन्सिलीनं, अर्धी अक्षरं शाळेची, अर्धी घरची:
नंदगड. जाणे.
खाली 'येणे' लिहून खोडलेलं.

शिट्टी पेटीत नव्हती.
खेळणं खोलीबाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे.
जिन्यात ती वाजली, एकदाच,
बस थांबवताना वाजते तशी.
फायलीत मी हे लिहिलेलं नाही.