उघडल्याची तारीख

दुकानात सूपच्या अर्कांची फळी आली
की मी चष्मा काढते.
बरणीवर पुढून गाय हसत असते,
मी बरणी पाठमोरी करते.
यादीत पहिलं नाव ज्याचं, बरणी त्याची.
पहिलं नाव मिठाचं असेल
तर आपण मीठच घेतो आहोत
गाईच्या भावात.
हे आइलीचं शिकवणं. कुओपिओच्या बंदरावर
मासळीचा गाळा होता तिचा.
म्हणायची, बोटावर घे, जिभेवर टेकव,
आधी खारट लागलं तर झाकण लाव,
आधी हाड आठवलं तर पैसे दे.

नोव्हेंबरात डॉक्टरीण म्हणाली,
ताइस्तोंचं मीठ अर्ध्यावर आणा.
कशाच्या अर्ध्यावर, ते तिने विचारलं नाही
आणि ताइस्तोनं सांगितलं नाही.

मग मी घरीच आटवू लागले.
हाडं भाजून, कांदे सालीसकट करपवून,
पातेलंभर पाणी वाटीभर होईतो.
खिडक्यांना घाम, पडद्यांना वास,
बाहेर तळं गोठून इतकं गप्प
की पातेल्याचं बुडबुडणं अंगणात ऐकू यावं.
उरतं ते गार झाल्यावर थरथरतं,
चमच्यानं ढकललं तर परत जागेवर येतं.
बर्फाच्या साच्यात ओतायचं, गोठलं की पिशवीत,
पिशवीवर तारीख. पेन्सिलीनं, शाई पुसली जाते.
चौदा तुकडे. चौदा जेवणं.
मिठाचा एक कण नाही.

ताइस्तो जेवतो. म्हणतो, "चांगलं आहे."
एक्केचाळीस वर्षं ऐकते आहे मी त्याचं चांगलं आहे.
त्यातलं अळणी कुठलं, मला कळतं.

पण गुरुवारी, वाटाण्याच्या सूपच्या दिवशी,
तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.
जेवणाआधी आठवणीनं लाकडं आणायला जायचा,
टोपली भरलेली असली तरी,
आणि परत आल्यावर म्हणायचा,
मोहरीची बाटली कुठे ठेवलीस?
मी उठायची.

फेब्रुवारीत मला एक खिळा हवा होता.
शेडमध्ये खिळ्यांच्या बरण्या, स्क्रूच्या बरण्या,
आणि मागे एक, जिच्यात खिळे नव्हते.
गाय हसत होती.
बाहेर वजा अठरा. पाण्याची बादली दगड झालेली,
आणि हा अर्क लोण्यासारखा मऊ!
इतकं मीठ, की थंडीलाही दाद देईना.
कडेला ओल्या चमच्याची खूण, बर्फाची किनार.
खरं सांगू? आधी राग आला तो ओल्या चमच्याचा.
मार्चात बर्फ वितळला की बुरशी धरेल,
एवढंही कळू नये?

खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस आहे माझा,
त्याला मी काय बोलणार.
बरणी स्वयंपाकघरात आणली,
अर्धी रिकामी केली,
माझे चार तुकडे विरघळवून तिच्यात ढवळले.
रंग तोच. गाय तीच.
डॉक्टरणीनं सांगितलं होतं तसं, अर्ध्यावर.
परत खिळ्यांमागे ठेवून दिली.

पुढच्या गुरुवारी लाकडांना फार वेळ लागला.
सूपवर साय धरली.
तो आला, टोपली रिकामी,
हातातला चमचा मानेतून वाकलेला.
मीठ कमी झालं की गोठतं,
हे मला सुचलंच नव्हतं.
तो चमच्याकडे बघत राहिला, मी सूपकडे.
मोहरी त्यानं स्वतःच उठून घेतली.

शुक्रवारी सकाळी दूध काढायला फ्रीज उघडला.
दुधामागे बरणी. धुतलेली, पुसलेली,
झाकणावर आडवा ठेवलेला चमचा, कोरडा.
आणि पेन्सिलीनं, त्याच्या तिरक्या अक्षरात,
उघडल्याची तारीख.

नोव्हेंबरची होती.
डॉक्टरणीकडून आम्ही परत आलो,
त्याच दिवसाची.