उतरायला बारा सेकंद

पहिला माईक मी चुकीच्या जागी लावला,
फलाट सातच्या खांबावर, रसवंतीच्या अगदी डोक्यावर.
कोणी अर्धा ग्लास मागितला की चरक फिरे,
घुंगरं वाजत, आणि पेटीला वाटे गर्दी झाली.
लगेच मंगळवेढ्याची गाडी
तिप्पट जोरात सुटायची.
रसवाला म्हणाला, राहू द्या की,
गिऱ्हाईक माना वर करून बघतंय.

सोलापूरचा स्टँड, एप्रिल, त्रेचाळीस अंश.
शिडी हाताला चटका देते.
माईक हलवला फलाट तीनवर,
पत्र्याखाली, पंख्यापासून लांब,
वर कबुतरांसाठी काटेरी पट्टी.
हा बोलायचा नाही, नदाफबाईंना समजावलं,
हा नुसता ऐकणार.
म्हणजे माझी जागा, त्या म्हणाल्या.

एकोणीस वर्षं त्या काचेआड बसतात.
डावा हात बटणावर, डोळे फलाटावर:
शाळा सुटली की एक रेघ वर,
वऱ्हाड उतरलं की दोन,
रात्री अकरानंतर अगदी तळाशी,
कारण बाकावर कोणीतरी बाळंतीण असतेच
सिव्हिलमधून सोडलेली,
पहाटेच्या इंडी गाडीची वाट बघत.
बटणाचा आकडा अंगठ्यानं पुसून गेलाय,
सहा होता की आठ, त्यांनाही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी स्वतःलाच घाबरली.
बाईंनी 'अक्कलकोट' म्हटलं, ते माईकनं ऐकलं,
ठरवलं की गोंगाट वाढलाय, आवाज चढवला,
चढलेलं ऐकलं, आणखी चढवला,
'विनावाहक'पर्यंत येता येता
सगळा स्टँड कानावर हात ठेवून उभा.
आमच्या गल्लीतली भांडणं अशीच वाढतात.
उपाय पुस्तिकेत एका ओळीचा:
बोलताना मोजू नये.
दोन घोषणांच्या फटीत मोजावं,
मोजलेलं धरून ठेवावं, मग तोंड उघडावं.
ती ओळ मी दोनदा वाचली.

मग आकडे. खालची हद्द, वरची हद्द.
चढायला दोन सेकंद.
उतरायला बारा, कारण झटकन उतरलं तर
माणसाला वाटतं, काहीतरी बंद पडलं.

माझ्या नायनाचं उतरायचं राहूनच गेलं.
अठ्ठावीस वर्षं चादरीच्या कारखान्यात
सोळा मागांच्या मधे उभं राहून
जे ओरडून बोलायचं, तेच घरी घेऊन आला.
कारखान्याला कुलूप लागून नऊ वर्षं झाली,
अजून मीठ मागितलं की
शेजारच्या गुंडेटींची खिडकी लागते.
लहानपणी वाटायचं, हा सारखा रागावतो.
रागावत नव्हता. माग चालू होते.

रात्री पावणेतीनला शेवटची चाचणी.
फलाट रिकामा. एक ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून
चहाला गेलेला, बस माईकखाली थरथरतेय.
पेटीनं प्रामाणिकपणे मोजलं आणि वर चढली.
मोजणं बरोबर होतं.
बाकावर टॉवेलात गुंडाळलेलं सहा दिवसांचं काहीतरी होतं,
ते कुठल्या माईकला दिसणार.
नदाफबाईंचा डावा हात आपसूक बटणाकडे गेला,
मग थबकला. बंद केलंत ना हे, येमूल?

नाही, म्हटलं. वायर कापली नाही.
शेजारी छोटी कळ बसवलीय, खाली ओढा.
त्यांनी ओढली, बटण तळाशी नेलं
आणि 'इंडी' असं म्हटलं
की ज्याला जायचं होतं तोच उठला.

घरी पोचलो तर नायना जागा.
झालं का रे तुझ्या भोंग्याचं,
त्यानं अख्ख्या गल्लीला विचारलं.
पलीकडे खिडकी लागल्याचा आवाज आला.
मी चप्पल काढली, तांब्याभर पाणी प्यालो,
मनात बारापर्यंत मोजलं,
मग हळूच म्हणालो, झालं.

आं?