कपाटाची किल्ली

तिचं नाव मकवाला. आमच्याकडे ते
काळ्या रानबेरीवरून ठेवतात.

कुताईसीच्या बाजारात तिचं दुकान: सुया, बटणं, अस्तरं.
दोन वर्षांत स्वतःचे झगे तिने
चारदा उसवले, चारदा सैल केले.
बहीण म्हणाली, पाव कमी कर.
शेजारीण म्हणाली, बसून बसून होतं असं.
मी काहीच म्हणालो नाही.
चीज, मुरंबा, अक्रोडाच्या माळा कपाटात कोंडल्या
आणि किल्ली खिशात टाकून कामावर गेलो.

डॉक्टर त्सियाला, चष्मा दोरीला बांधलेला.
आधी वजन. मग कमरेभोवती टेप.
मग गोळ्या कुठल्या? मलम? दम्याचा फवारा?
पाळी? झोप? थायरॉईड तपासलंय?
मग म्हणाली, ऊठ खुर्चीतून, हात न टेकता.
मकवालाला उठता आलं नाही.
तिसऱ्या खेपेला ती ओशाळून हसली,
मी खिडकीतून रिओनीचं पाणी बघत राहिलो.

पोटावरचं कापड सरकवलं,
तर बोटभर रुंद पट्टे,
पिकल्या रानबेरीच्या रंगाचे.
"कधीपासून?" डॉक्टरने विचारलं. मला.
मला माहीत नव्हतं.

"जुने फोटो आणा."
आणले. लग्न. बातुमीचा समुद्र. भाचीचा बाप्तिस्मा.
चेहरा कलेकलेने भरत गेलेला.
पुस्तकात याला चंद्रासारखा चेहरा म्हणतात, ती म्हणाली.
लग्नात शिंगातून वाइन पिताना
मीही हेच म्हणालो होतो, सगळ्यांसमोर.
"आणि हात बघ तिचे. काड्या.
खाऊन खाऊन कुणाचे हात वाळत नाहीत, वाझा."

आता रात्री बारा वाजता लाळ घ्यायची, कापसाच्या बोळ्यात.
धडधाकट शरीरात त्या वेळी
एक संप्रेरक झोपी गेलेलं असतं म्हणे;
हिच्यात ते दिवा लावून बसलंय का,
एवढंच बघायचं. ओळीने दोन रात्री.
पुढचं पुढे.

बोळा तोंडात धरून ती बसली, गाल फुगवून.
तिला बोलता येत नव्हतं,
म्हणजे बोलायची पाळी माझी होती.
घड्याळ टिकटिकलं.
मी खिशातून किल्ली काढली,
फोटोंच्या शेजारी ठेवली.

तिने किल्लीकडे बघितलं. माझ्याकडे नाही.
मग घड्याळाकडे बोट केलं: किती उरलं?

चाळीस सेकंद, मी म्हणालो.
आणि जरा वेळाने: तीस.