का

गंगेवर पिंड मांडून तासभर झाला.
रामकुंडाचे कावळे तारेवर. शिवत नाहीत.
थोरल्यानं शब्द दिला, दुकान विकणार नाही.
वहिनीनं दिला, नातीचं लग्न थाटात करू.
गुरुजी घड्याळ बघतात.

माझ्या पिशवीत त्र्यंबकमामांची वही.
मेनरोडला घड्याळं दुरुस्त करता करता
चाळीस वर्षं ते मिसरी चित्रलिपी शिकले,
एकटेच, भिंगातून.

पान सत्तर:
'का. चिन्ह: कोपरात वाकवून वर केलेले दोन हात.
माणसाबरोबर जन्मतो, माणसामागे उरतो.
त्याला भूक लागते,
म्हणून थडग्यात भाकरी, बिअर, कांदे.
अनेकवचन केलं की अर्थ: अन्न.
मूळ?'
पुढं पेन्सिलीनं, खोडून पुन्हा लिहिलेलं:
'मिठी? की मागणं?'
खाली कपाचा गोल डाग. बस.

धाकटा पुटपुटला, दर्भाचा करा कावळा,
उरका आता.

मी पायरीवर उभी राहिले,
दोन्ही हात कोपरात वाकवून वर केले.
लोकांना वाटलं, हाकलतेय.

तारेवरच्या एकानं मान तिरकी केली
आणि विचारलं,
शुद्ध मराठीत.